पडद्यावरची काळी पट्टी

"आरसा जरा डावीकडे घे, रुचा. अजून थोडा. हां, आता हलू नकोस."

रुचाने श्वाससुद्धा हळू घेतला. ती दिवाणावर मांडी घालून बसली होती आणि आईचा आरसा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. आरशाचं तोंड टीव्हीच्या पडद्याकडे होतं. टीव्हीच्या मागे वासुदेवकाका उकिडवे बसले होते. मागचं काळं झाकण काढून ते आतल्या भागांत डोकं घालून बघत होते, आणि मान वर केली की समोरचं चित्र त्यांना रुचाच्या आरशात दिसत होतं. काशीतल्या बहुतेक मराठी घरांतले टीव्ही वासुदेवकाकाच दुरुस्त करत, आणि आरसा धरायचं काम घरातल्या मुलांकडे येई.

"पट्टी आहे?" काकांनी विचारलं.

"आहे," रुचा म्हणाली. "कालच्यापेक्षा काळी आहे."

पडद्याच्या तळातून धुरासारखी एक आडवी पट्टी उगवत होती. ती बातम्या देणाऱ्या बाईंच्या हनुवटीवरून ओठांवर, ओठांवरून डोळ्यांवर सरकत वर जाई आणि नाहीशी होई. तेवढ्यात खालून दुसरी निघे. बाईंचा चेहरा क्षणभर झाकला जाई आणि पुन्हा हसू लागे. त्या हसण्याकडे बघायला रुचाला आता नको वाटायला लागलं होतं.

"सपाट काचेचा टीव्ही घेतला ना बाबांनी, म्हणून," तिचा दादा ऋतुराज दारातूनच म्हणाला. तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला सगळ्याचं कारण माहीत असे. "जुन्या टीव्हीची काच फुगीर होती. पट्टी घसरून खाली पडायची."

"मेरेको तो भूत वाटतंय," बकुळ म्हणाली. बकुळ शेजारच्या घरातली, दहा वर्षांची. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून ती फक्त झोपायला घरी जात होती. "रोज दिवेलागणीलाच येतं. दिवसा कधीच नाही येत."

"भुताला दिवसा शाळा असते," ऋतुराज म्हणाला.

बाबा हसले नाहीत. ते बँकेतून नुकतेच आले होते. "वासुदेवराव, तिसऱ्यांदा उघडताय हा टीव्ही. नवा टीव्ही आहे. दुकानात नेलात, दोन दिवस ठेवलात, आणि म्हणालात काही बिघाड नाही."

"दुकानात नव्हताच, शरदराव. दोन दिवस चालू ठेवला. पट्टी आली नाही." वासुदेवकाकांनी कपाळ पुसलं. "आणि मला आणखी एक गोष्ट कळत नाही. आतला वीज गाळणारा भाग बिघडला तर या टीव्हीत दोन पट्ट्या दिसायला हव्यात. ही एकच आहे. एक पट्टी म्हणजे बाहेरची वीज कुठून तरी चित्रात शिरतेय. पण शिरतेय कुठून?"

बाबा आत गेले. वासुदेवकाकांचा चेहरा उतरलेला रुचाला आरशात दिसला.

त्याच वेळी कालिंदीआत्या बाहेर आली. आत्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची आणि त्यांच्याकडेच राहायची. काशीत कार्तिक कोजागिरीनंतरच लागतो, आणि कार्तिकात रोज पहाटे ती गल्लीच्या टोकाच्या घाटावर स्नानाला जाई. अहिल्याबाई घाटापासून थोडं पुढे हा लहानसा घाट होता. वरपासून पाण्यापर्यंत एक जाड लोखंडी साखळी सोडलेली होती, म्हणून सगळे त्याला साखळीचा घाट म्हणत. आत्या डाव्या हाताने उजवा तळवा चोळत होती.

"अजून मुंग्या आहेत?" आईने विचारलं.

"आज कोपरापर्यंत आल्या. साखळी धरली की येतात, सोडली की जातात." आत्या दिवाणावर टेकली. "घाटावरच्या बायका म्हणतात, गंगामाई यंदा साखळीत जागी झालीय. हात लावायला रांग लागते."

"संधिवात असेल," आई म्हणाली.

"इतक्या बायकांना एकदम?" आत्या म्हणाली.

रुचाने आरसा खाली ठेवला. पडद्यावर पट्टी वर चढतच होती.

*

दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. पहाटे साडेपाचला आत्या बदलायचे कपडे घेऊन निघाली तेव्हा रुचाही उठली. तिने आवाज बंद ठेवून टीव्ही लावला. कोणीतरी भजन म्हणत होतं, आणि गाणाऱ्याच्या तोंडावरून पट्टी वर जात होती. म्हणजे ती फक्त संध्याकाळी येत नव्हती. ती पहाटेही होती. कदाचित रात्रभर इथेच असेल, बंद पडद्यामागे, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

ती बघत बसली. साडेसहाला खोलीत उजाडू लागलं. आणि एकदम पट्टी गेली. विरली नाही, सरकत वर गेली नाही. मधूनच पुसल्यासारखी गेली.

रुचाने खिडकीकडे पाहिलं. घाटावरच्या उंच बांबूंच्या टोकांना आकाशदीप टांगलेले होते. कार्तिकभर पूर्वजांसाठी बांबूच्या करंड्यांतून दिवे वर चढवायचे, ही काशीची जुनी रीत. यंदा आकाशदीप समितीच्या रत्नाकरकाकांनी तेलाचे दिवे बंद करून करंड्यांत विजेचे बल्ब बसवले होते. एकवीस बल्ब. वाऱ्याने विझत नाहीत, असं ते सगळ्यांना सांगत.

ते एकवीसही बल्ब आत्ता विझलेले होते.

संध्याकाळी तिने दोघांना कामाला लावलं. बकुळ टीव्हीसमोर, ऋतुराज गच्चीवर आणि ती स्वतः जिन्यात मधोमध.

"मला गच्चीवर का?" ऋतुराज म्हणाला. "मॅचचा शेवट चालू आहे."

"मॅच मैं देखूँगी, तू दिवे बघ," बकुळ म्हणाली. "स्कोअर सांगेन तुला. खोटा सांगेन."

सव्वापाच झाले. गच्चीवरून ऋतुराजचा आवाज आला. "लागले."

खालून बकुळ ओरडली, "आली."

दोन्ही शब्द इतके एकापाठोपाठ आले की जिन्यातल्या रुचाला ते एकच वाटले. ऋतुराज खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"दिवे कसे होते?" रुचाने विचारलं.

"मंद. पहिल्या दिवशी कसे पांढरेफेक होते. आता नारिंगी दिसतात. रोज मंद होतायत."

"आणि पट्टी रोज काळी होतेय," रुचा म्हणाली. "एक कमी होतंय आणि दुसरं वाढतंय. यांचा एकमेकांशी काही तरी संबंध आहे."

तिने टीव्हीमागून केबलची तार काढायला हात पुढे केला आणि थांबली. वासुदेवकाका तार ओढताना हात झटकायचे, ते तिने दोनदा पाहिलं होतं. त्यांना वाटायचं टीव्हीतला झटका आहे. तिने टीव्ही बंद केला, पायांत रबरी चपला घातल्या, कोरड्या फडक्यात धरून केबलची तार उपसली आणि गच्चीवरच्या जुन्या अँटेनाची तार लावली. मग टीव्ही पुन्हा सुरू केला.

दूरदर्शन लागलं. चित्रात मुंग्या होत्या, पण पट्टी नव्हती.

"टीव्ही चांगला आहे," रुचा हळूच म्हणाली. "जे काही आहे ते केबलच्या तारेतून आपल्या घरात येतंय."

तिघांनीही जमिनीवर पडलेल्या त्या काळ्या तारेकडे पाहिलं. बकुळने पाय वर घेतले.

*

धनत्रयोदशीला सकाळपासून गल्लीत चकल्यांचा वास होता. वासुदेवकाका दुपारी तीनला आले. रुचाने त्यांना वहीत लिहिलेलं सगळं दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून टेस्टर काढला आणि केबलच्या तारेच्या बाहेरच्या जाळीला टेकवला. दिवस होता, घाटावरचे दिवे बंद होते. टेस्टरमधला छोटा दिवा लागला नाही.

"काल संध्याकाळी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "चला, ही तार कुठून येते ते बघू."

केबलची तार एका छतावरून दुसऱ्यावर, गच्चीच्या कठड्यावरून वडाच्या फांदीवर अशी गेली होती. चौघे गल्लीतून वर बघत चालले. घाटाच्या माथ्यावर एक लोखंडी खांब होता. केबलवाल्याने तार ताणून बसावी म्हणून तिचं वरचं प्लास्टिक सोलून आतली जाळी सरळ खांबाला गुंडाळली होती.

"हा त्याचा आळशीपणा," वासुदेवकाका म्हणाले. "पण नुसत्या खांबात वीज कशी येईल?"

रुचाचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याच खांबाला दिव्यांची तारही येऊन मिळाली होती. ती डोळ्यांनी उलट चालत गेली. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर आकडा टाकून एक तार घेतली होती. काशीत याला कटिया म्हणतात. ती तार एका लाकडी पेटीत शिरत होती. पेटीला कुलूप होतं, आत बटण असणार. पेटीतून ती एकवीस दिव्यांना जोडत जात होती आणि शेवटी या लोखंडी खांबाला बांधलेली होती.

"काका, दुसरी तार कुठे आहे?"

"कुठली दुसरी?"

"दिवा लागायला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. इथे एकच आली आहे. परत जाणारी, न्यूट्रल, कुठे आहे?"

वासुदेवकाकांनी खांबाकडे पाहिलं. खांबाच्या बुडाशी मोठी कडी होती, आणि त्या कडीतून घाटाची साखळी पायऱ्यांवरून खाली पाण्यात गेली होती. त्यांचा रंग उडाला.

"दुसरी तार नाहीच," ते म्हणाले. "दुसरी तार म्हणजे ही साखळी आहे. आणि पुढे गंगा."

वरच्या पायरीवर श्रीराम बसून होता. दिव्यांचं काम त्यानेच केलं होतं. वासुदेवकाकांनी त्याला विचारलं तेव्हा त्याने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्यात घेतला. "अरे वासुदेव भैया, दो सौ मीटर तार बच गया। गंगा मैया से बड़ा न्यूट्रल कौन है? बत्ती जल रही है ना?"

"और जो चेन पकड़कर नहाती हैं, उनका क्या?"

"इतने दिनों से पकड़ रही हैं। कुछ हुआ?" श्रीराम उठला. "आज तो बड़े बल्ब लगाए हैं। रत्नाकरजी का हुकुम है, रोशनी कम पड़ रही थी।"

रुचा पायऱ्या उतरून खाली गेली. साखळीपासून चार हात दूर राहून तिने वाकून पाहिलं. साखळीची प्रत्येक कडी चार बोटं लांब होती. काल सकाळी, आत्याच्या मुंग्यांचं कारण शोधायला, तिने गच्चीवरून बाबांच्या दुर्बिणीने पाण्याबाहेरच्या कड्या मोजल्या होत्या. त्या हिशेबाने तेव्हा शेवटच्या चार कड्या पाण्यात होत्या. आत्ता फक्त एक होती, आणि तीही लाट मागे गेली की उघडी पडत होती. पावसाळ्यानंतर गंगा रोज उतरते. आत्या रोज सांगायची, आज आणखी एक पायरी खाली गेले.

तिच्या मनात सगळं एकदम जुळलं. साखळी पाण्यात खोल होती तोवर वीज नदीत सहज जात होती. पाणी उतरलं, वाट अरुंद झाली, म्हणून दिवे मंद झाले. नदीत न मावलेली वीज केबलच्या वाटेने त्यांच्या टीव्हीत शिरू लागली, म्हणून पट्टी काळी झाली. आणि संध्याकाळी ही शेवटची कडी पाण्याबाहेर आली की विजेला जायला वाटच उरणार नव्हती. ती साखळीत दबा धरून बसणार होती. मग पाण्यात उभं राहून जो कोणी साखळी धरेल, त्याच्या शरीरातून ती नदीत जाणार होती.

"दिवे जितके मंद, साखळी तितकी वाईट," ती वर येऊन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दादा, आज धनत्रयोदशी. आत्या यमदीप लावायला इथेच येणार आहे."

*

रत्नाकरकाका रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि अजूनही गाडीला हिरवा कंदील दाखवल्यासारखे बोलायचे. त्यांनी वासुदेवकाकांचं निम्मं ऐकलं.

"वासुदेव, तुला शरदचा टीव्ही दुरुस्त करता आला नाही, म्हणून माझ्या दिव्यांवर खापर फोडतोस?"

"तसं नाही, रत्नाकरराव. फक्त आजच्या दिवस दिवे लावू नका."

"आजच्या दिवस? आज सगळी काशी घाटावर येते. एकवीस घरांनी आपापल्या पितरांच्या नावाने दिवा दिलाय. त्यांना काय सांगू, पोरांनी वहीत काहीतरी लिहिलंय?" त्यांनी रुचाकडे पाहिलं. "बाळ, विजेच्या फंदात पडू नये मुलींनी. दिवाळी झाली की श्रीरामला बघायला सांगतो."

पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती. ती मिळणं शक्य नव्हतं.

"मी लाइनमनला घेऊन येतो," बाहेर आल्यावर वासुदेवकाका म्हणाले. "खांबावरचा आकडा त्यानेच काढायला हवा. सणाचा दिवस आहे, शोधावं लागेल. तुम्ही कोणीही त्या साखळीला हात लावायचा नाही. आणि आत्याला घरीच थांबवा."

पण आत्या घरी नव्हती. ती बाजारातून परस्पर घाटावर जाणार होती, असं आईने सांगितलं. बाबा बँकेत होते. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"वर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगू," बकुळ म्हणाली.

"कोण ऐकेल? त्यांना वाटतं साखळीत माई आहे," ऋतुराज म्हणाला. "उलट जास्त जणी हात लावतील."

रुचा दाराकडे बघत होती. समोर आईने दारात सकाळी काढलेली रांगोळी होती. दुपारभर किती जण आले-गेले होते. वासुदेवकाका, दूधवाला, पोस्टमन. प्रत्येकाने पाऊल आखडलं होतं, बाजूने वळसा घेतला होता. कोणीही रांगोळी तुडवली नव्हती.

"रांगोळीचे डबे आण, बकुळ," ती म्हणाली. "सगळे. तुमच्या घरचेही."

पुढचा पाऊण तास ते तिघे घाटावर ओणवे होते. साखळीच्या दोन्ही अंगांना, वरच्या खांबापासून जमेल तितक्या पायऱ्या खाली, त्यांनी दोन-दोन हात रुंद रांगोळी घातली. ठिपके मोजायला वेळ नव्हता. कमळं, स्वस्तिकं, गोपद्मं, जे हाताला येईल ते. ऋतुराजला रांगोळी येत नव्हती. त्याने वाटीभर गुलाल घेऊन रिकाम्या जागा भरल्या आणि वर एक मोरही काढला.

"हा मोर आहे की कोंबडी?" बकुळने विचारलं.

"पाय ठेवून बघ. चावला तर मोर."

बायका येऊ लागल्या. रांगोळी बघून त्या थांबत, "किती सुरेख हो," म्हणत आणि साखळीपासून दूर, दुसऱ्या बाजूने उतरून दिवे लावत. एकीने साखळीला नमस्कार करायला हात पुढे केला, तिथेच रांगोळी पाहून मागे घेतला आणि लांबूनच हात जोडले. पण शेवटच्या आठ-दहा पायऱ्यांवर ओला गाळ होता. तिथे रांगोळी बसत नव्हती.

सव्वापाचला रत्नाकरकाका आले. घाटाकडे बघून त्यांनी मान डोलावली. "वा. हे खरं मुलांचं काम," ते म्हणाले, आणि जानव्याची किल्ली काढून पेटी उघडली.

खटका वाजला. एकवीस दिवे लागले, क्षणभर तांबूस झाले आणि तसेच राहिले, विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे.

"मोठे बल्ब लावूनही?" रत्नाकरकाका कुरकुरले. "कुठे गेला तो श्रीराम?"

रुचाने खाली पाहिलं. शेवटची कडी उघड्या गाळावर पडली होती. पाणी तिच्यापासून वीतभर मागे सरलं होतं. आता साखळीत किती वीज होती ते तिला माहीत होतं. सगळी.

आणि त्याच वेळी तिला आत्या दिसली.

आत्या वरून आलीच नव्हती. बाजारातून येताना वाट जवळची पडते म्हणून ती शेजारच्या मोकळ्या घाटावरून उतरली होती आणि आता पाण्याच्या काठाकाठाने, घोटाभर पाण्यातून चालत येत होती. एका हातात पितळी तबक, तबकात कणकेचा दिवा. गाळावरून पाय निसटत होते. अशा वेळी ती नेहमी जे करायची तेच आत्ताही करणार होती. तिने मोकळा हात साखळीच्या दिशेने लांबवला. अजून दहा-बारा पावलं होती.

"आत्या, हात लावू नकोस," रुचा ओरडली. पण खाली शंख वाजत होते, वर फटाके. आत्याने मान वर केली नाही.

रुचा पळाली. आपल्याच रांगोळीवरून, कमळावरून, मोरावरून. खालच्या पायऱ्यांवर गाळ लागला आणि पाय सुटू लागले. घसरलो तर हात आपोआप साखळीकडेच जाईल, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंफले. तशीच, तोल सावरत, ती उतरत राहिली. साखळी तिच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, अगदी शांत पडून होती. धग नाही, आवाज नाही, ठिणगी नाही. नेहमीची साखळी.

आत्याची बोटं साखळीपासून वीतभर दूर होती, तेव्हा रुचाने मागून तिचा पदर दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागे ओढला. दोघी पायरीवर आदळल्या. आत्याचे पाय पाण्याबाहेर आले. तबक हातातून उडालं, साखळीवर खण्णकन आपटलं आणि घरंगळून अर्धं पाण्यात, अर्धं साखळीवर टेकलं.

चर्र असा आवाज झाला. तबकाच्या कडेला निळी ठिणगी नाचली. आणि वर, अख्ख्या घाटावर, एकवीसही दिवे भक्कन पांढरेशुभ्र पेटले.

शंख थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं, मग खाली. पाणी तबकाभोवती तडतडत होतं. एक लाट आली, तबक हललं, दिवे मंद झाले. लाट गेली, तबक पुन्हा टेकलं, दिवे पुन्हा पेटले.

"कोणी खाली येऊ नका," रुचा म्हणाली. आता घाट इतका शांत होता की तिचा साधा आवाजही वरपर्यंत गेला. "पाण्यात असाल तर बाहेर या. रत्नाकरकाका, बटण बंद करा."

रत्नाकरकाका पुतळ्यासारखे उभे होते. ते दिव्यांकडे बघत होते, मग तबकाकडे, मग आत्याच्या हाताकडे, जो त्या तबकाच्या जागी असता. मग ते पेटीकडे वळले. खटका दुसऱ्या प्रयत्नात पडला.

घाट अंधारला. पायऱ्यांवरचे तेलाचे दिवे तेवढे राहिले.

*

वासुदेवकाका लाइनमनला घेऊन आले तेव्हा साडेसहा वाजले होते. आकडा खांबावरून खाली आला. केबलची तार लोखंडी खांबावरून सोडवली गेली. श्रीराम लगेच सापडला नाही. तो सापडला तेव्हा लाइनमननेच त्याची हजेरी घेतली, आणि ती बनारसी भाषेत होती, म्हणून आईने मुलांना आत पाठवलं.

बाबा घरी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि केबलची तार पुन्हा जोडून टीव्ही लावला. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा स्वच्छ होता. त्यांनी टीव्ही बंद केला आणि वासुदेवकाकांसमोर येऊन उभे राहिले.

"वासुदेवराव, मी तुम्हाला नको ते बोललो. माझं चुकलं."

"मीही चुकलोच," काका म्हणाले. "तीन वेळा टीव्ही उघडला, पण तार कुठून येते ते बघायला घराबाहेर पडलो नाही. रुचा पडली."

आत्याच्या कोपराला खरचटलं होतं आणि साडी गाळाने भरली होती. तिने रुचाला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिने रात्रीच्या जेवणापर्यंत काढला नाही.

"माझा मोर मोडलास," ऋतुराज म्हणाला.

"कोंबडी," बकुळ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नानं उरकली आणि रत्नाकरकाका दारात आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा होता, पण आवाजातला हिरवा कंदील गेला होता.

"मी घरोघरी जाऊन सांगणार आहे," ते बाबांना म्हणाले. "साखळीत माई नव्हती, माझी चूक होती, हे सांगायला हवं. नाहीतर बायका दुसऱ्या लोखंडाला हात लावत बसतील. आज संध्याकाळपासून पुन्हा तेलाचे दिवे. एकवीस करंड्यांना मी स्वतः वाती वळल्यात." ते थांबले. "पण लोक मला विचारतील, हे घडलं कसं? मला नीट सांगता येणार नाही. रुचा येईल का बरोबर?"

ती गेली. दोन तासांत त्यांनी बारा घरं केली. प्रत्येक घरी रत्नाकरकाका आपली चूक सांगत आणि रुचा साखळीचं, पाण्याचं, एका तारेचं गणित सांगे. तेराव्या घरी मृणालिनीबाई होत्या, पंचाऐंशी वर्षांच्या. साखळीला हात लावणाऱ्या रांगेत त्या रोज पहिल्या असायच्या. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं, आपल्या सुरकुतलेल्या तळव्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "रत्नाकर, हे ओळखलं कोणी? तू?"

घाटाच्या कुठल्याही कामाचं श्रेय रत्नाकरकाकांनी आजवर दुसऱ्याला दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

ते उंबऱ्यातून एक पाऊल बाजूला झाले, आणि त्यांच्यामागे उभी असलेली रुचा दिसू लागली.